बिनविरोध, पण कोणाच्या संमतीने?

गावची निवडणूक बिनविरोध झाली की आपणांस समाधान वाटते. मध्य प्रदेश शासनाने 2022 मध्ये अशा पंचायतींना ‘समरस’ म्हणून बक्षिसे जाहीर केली. ग्वाल्हेरजवळच्या मुरारच्या खेड्यांपुढेही ते आमिष होते. परंतु एकोपा कोणता आणि सौदा कोणता, हे ठरवायचे कोणी? नाशिक जिल्ह्यातील उमराण्याची निवडणूक सरपंचपदाच्या लिलावापायी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगाला रद्द करावी लागली.

एकच उमेदवार उरला की मतदान नाही, म्हणून ‘नोटा’ही नाही. अमेरिकेतील इलिनॉयच्या राज्यघटनेनुसार मात्र पदावरील न्यायाधीशाला, प्रतिस्पर्धी नसतानाही, पद टिकविण्यासाठी 60 टक्के अनुकूल मते मिळवावी लागतात. एकट्या उमेदवारासही मतदारापुढे उभे करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. न विचारलेल्याचे मौन ही संमती नव्हे.