इंग्रजीची धास्ती बुद्धी अडवते तेव्हा

दहावीपर्यंत गणित-विज्ञान मराठीतून शिकलेली मुलगी अकरावीला विज्ञान शाखेत जाते आणि एका सुट्टीत ‘त्वरणा’चे ‘ॲक्सलरेशन’ होते, ‘ऊर्ध्वपातना’चे ‘डिस्टिलेशन’. संकल्पना तिला येत असतात. तरी वर्गात प्रश्न आला की ती मान खाली घालते, व्हायवाच्या आदल्या रात्री तिला झोप लागत नाही. दिवाळीपर्यंत ‘आपल्यालाच जमत नाही’ हे तिने मनाशी पक्के केलेले असते. हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि तो का चुकीचा, हे संशोधनातून समजते.

परकी भाषा शिकताना वाटणारी धास्ती ही एक वेगळी, मोजता येण्याजोगी अवस्था आहे, अशी मांडणी अमेरिकेत इलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये केली. त्यांनी 33 विधानांची एक प्रश्नावली तयार केली. बोलताना वाटणारा संकोच, परीक्षेची भीती आणि इतर हसतील ही धाकधूक, हे या धास्तीचे तीन मुख्य पैलू त्यांनी मांडले.

या धास्तीचा फटका बसतो तो कार्यकारी स्मृतीला. ऐकलेले वाक्य क्षणभर धरून ठेवणे, त्याचा अर्थ लावणे आणि उत्तर जुळवणे ही कामे ही स्मृती एकाच वेळी करते. तिची क्षमता मात्र फार मर्यादित असते. अनोळखी भाषेतले वाक्य उलगडण्यातच तिचा मोठा भाग खर्च होतो, ‘चुकले तर?’ ही काळजी उरलेला भाग व्यापते. मग भौतिकशास्त्राचा विचार करायला जागाच राहत नाही. उत्तर चुकते, धास्ती वाढते आणि पुढच्या वेळी ती मुलगी हात वर करणेच सोडून देते.

त्यात पाठ्यपुस्तकातली इंग्रजी बोलण्यातल्या इंग्रजीपेक्षा वेगळी असते. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी टोरोंटोतील स्थलांतरित मुलांची माहिती तपासली. ही मुले साधारण दोन वर्षांत सफाईने बोलू लागत, पण अभ्यासाच्या भाषेत वर्गमित्रांच्या बरोबरीला यायला त्यांना पाच ते सात वर्षे लागत. तीही भोवताली सतत इंग्रजी असताना! आपण मात्र अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत हे सारे साधावे अशी अपेक्षा ठेवतो, आणि साधले नाही की दोष मुलांना देतो.

म्हणूनच मुलांना ‘धीट व्हा’ असे सांगून भागत नाही. वर्ग बदलावा लागतो. शिक्षण-अभ्यासक मेरी बड रो यांना 1970च्या दशकात आढळले, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबले, तर उत्तरे लांब होतात आणि अधिक मुले बोलतात. परक्या भाषेत विचार जुळवणाऱ्या मुलांना तर हा अवधी हवाच. शब्दांची भीतीही आटोक्यात आणता येते. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 मध्ये विविध विद्याशाखांत वारंवार येणारी 570 इंग्रजी शब्दकुळे निवडून काढली. असा ठरावीक संच समोर असला, की अफाट वाटणारे काम टप्प्याटप्प्याने करता येते. अवघड संकल्पनेवर आधी मराठीत चर्चा होऊ द्यावी, मग उत्तर इंग्रजीत लिहून घ्यावे. विज्ञानाचा पेपर तपासताना व्याकरणाच्या चुकांवर लाल शाई फिरवू नये आणि उच्चारावरून वर्गात कोणालाही हसू देऊ नये.

झोप उडणे, जेवण कमी होणे, कॉलेज टाळणे असे दोन आठवडे चालू राहिले, तर समुपदेशकाकडे जायला हवे. सरकारच्या ‘टेलि-मानस’ या 14416 क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते आणि ते मराठीतूनही.

पालकांनी मुलांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी. तात्सुया अमानो आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये आठ देशांतील 908 पर्यावरण-शास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना शोधनिबंध वाचायला आणि लिहायला जास्त वेळ लागतो, त्यांच्यापैकी अनेक तरुण संशोधक परिषदेत बोलणे टाळतात, असे त्यातून दिसले. जे ओझे शास्त्रज्ञांनाही जाणवते, ते सोळा वर्षांच्या मुलीला जड वाटले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. ते हलके करणे हे तिच्या शिक्षकांचे, घरच्यांचे आणि कॉलेजचे काम आहे.