मॉडेल हेलिकॉप्टरचा अँटेना आणि तारेच्या लांबीचा हिशेब

रेडिओ-नियंत्रित मॉडेल हेलिकॉप्टरमध्ये रिसीव्हरचा अँटेना हा बहुधा सर्वांत स्वस्त भाग असतो; तथापि सर्व्हो आणि मोटर यांच्यापर्यंत पोहोचणारी प्रत्येक आज्ञा त्याच्याच वाटे येत असल्याने त्याची लांबी सोयीनुसार नव्हे, तर तरंगलांबीनुसार ठरवावी लागते. तरंगलांबी म्हणजे रेडिओलहरीच्या एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचे अंतर होय. अमेरिकेत मॉडेल विमानांसाठी राखून ठेवलेल्या 72 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हे अंतर सुमारे 4.16 मीटर भरते, तर ब्रिटनमध्ये आणि युरोपात रुळलेल्या 35 मेगाहर्ट्झवर ते साडेआठ मीटरांहून थोडे अधिक असते. सरळ तार लहरीशी चांगली जुळते ती पाव तरंगलांबीला, म्हणजे पहिल्या पट्ट्यात 1.04 मीटरला आणि दुसऱ्यात 2.14 मीटरला. 72 मेगाहर्ट्झच्या रिसीव्हरला मीटरभर तार जोडलेली असे ती या हिशेबाने. 35 मेगाहर्ट्झच्या रिसीव्हरची तारही साधारण तेवढीच असे, याचा अर्थ ती मुळातच आखूड होती आणि तिची उणीव रिसीव्हरच्या आतील मंडलाने भरून काढलेली होती.

विमानाच्या मॉडेलमध्ये मीटरभर तार शेपटीपर्यंत ताणून बांधता येते. हेलिकॉप्टरमध्ये मात्र वर मुख्य रोटर आणि मागे शेपटीचा रोटर फिरत असल्याने सैल तार पात्यांत सापडण्याचा धोका असतो, आणि प्रत्येकी 325 मिलिमीटर लांबीच्या पात्यांचे छोटे विद्युत हेलिकॉप्टर तर त्या तारेपेक्षाही आखूड असते. अशा वेळी कात्री घेऊन तार अर्धी करण्याचा मोह होतो, आणि नेमके तेच टाळावयास हवे. रिसीव्हरच्या प्रवेशमंडलाला आखूड तार एखाद्या लहान कपॅसिटरसारखी भासते आणि त्या मंडलातील कॉइल मूळ लांबीच्या तारेशी जुळवलेली असते. तार कापली की ही जुळणी बिघडते. शिवाय तार निम्मी झाली की तिच्यात उत्पन्न होणारा विद्युतदाब साधारण निम्म्यावर येतो, आणि मोकळ्या आकाशात लहरीच्या विद्युतक्षेत्राची तीव्रता अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटत असल्यामुळे, जुळणी बिघडल्याचा तोटा धरला नाही तरीही पल्ला निम्मा होतो. उरलेली तार घट्ट गुंडाळून ठेवणे हाही उपाय नव्हे, कारण ते वेटोळे नकळत एक अनोळखी मापाची कॉइल बनते. आणि तार दुमडून तिच्याच शेजारून उलट आणली, तर दोन्ही भागांतील संकेत एकमेकांना बऱ्याच अंशी मारतात.

अँटेना आखूड करण्याचा शास्त्रशुद्ध मार्ग म्हणजे बुडाशी कॉइल बसवलेली छोटी ताठ काडी वापरणे. आखूड तारेचा कपॅसिटरसारखा गुण कॉइलच्या विरुद्ध गुणाने रद्द होतो आणि अँटेना पुन्हा ठरलेल्या वारंवारतेशी जुळतो. हा लाभ फुकट मिळत नाही: कॉइलच्या तारेत काही ऊर्जा उष्णतेत जाते, जुळणी अरुंद पट्ट्यापुरतीच टिकते, आणि म्हणून 35 मेगाहर्ट्झसाठी बनवलेली काडी 72 वर चालत नाही. लांबीत तडजोड करावीच लागली तर ही काडी निवडणे आणि पल्ल्यातील थोडी घट मान्य करणे, हेच कापलेल्या तारेपेक्षा शहाणपणाचे ठरते.

पाव तरंगलांबीच्या अँटेनाला खाली जमिनीसारखा दुसरा अर्धा भाग लागतो, आणि हवेतल्या हेलिकॉप्टरमध्ये ते काम बॅटरीच्या व सर्व्होच्या तारा करतात, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. त्यामुळे सर्व्होची तार नव्या वाटेने नेली तरी ग्रहणक्षमता बदलू शकते, आणि अँटेना या तारांना समांतर बांधला तर दोन्ही अर्धे एकमेकांत गुंततात. तो मोटर व स्पीड कंट्रोलरपासून दूर, स्किडच्या बाजूने प्लास्टिकच्या नळीतून नेणे इष्ट असते. कार्बन फायबर विद्युतवाहक असल्याने त्याच्या चौकटीला चिकटवलेला अँटेना झाकोळला जातो. शेपटीचा रोटर पट्ट्याने फिरत असेल, तर पट्ट्याच्या घर्षणाने स्थिर विद्युत साचून ठिणग्या उडतात आणि रिसीव्हरमध्ये क्षणिक धक्के उमटतात. धातूवर धातू घासणाऱ्या सैल जोडांचाही परिणाम तसाच होतो. तार रिसीव्हरच्या पेटीतून बाहेर पडते तेथे सर्व्होच्या जुन्या प्लास्टिक हाताच्या छिद्रांतून ती वळवून घेतली, म्हणजे ओढ पडली तरी ताण सोल्डरच्या टाक्यावर येत नाही.

2.4 गिगाहर्ट्झच्या संचांनी हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा केला. भारतात हा पट्टा 2005 साली कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. या पट्ट्यात पाव तरंगलांबी अवघी 31 मिलिमीटर असते. रिसीव्हरमधून निघणाऱ्या कोएक्सिअल केबलवरील जाळीदार आवरण लहर अडवते, तेव्हा अँटेनाचे खरे काम टोकाशी उघड्या असलेल्या एवढ्याच भागाकडे असते. केबलचा उरलेला भाग हा केवळ मार्ग होय. टोकाचे 5 मिलिमीटर तुटले, तर सहाव्या हिश्शाची लांबी जाते, म्हणून तुटलेले टोक तसेच न वापरता संपूर्ण तार बदलणे योग्य ठरते. बहुतेक रिसीव्हरना दोन टोके असतात आणि ती परस्परांशी काटकोनात बसवली जातात, कारण सरळ तार आपल्या टोकाच्या दिशेने येणारी लहर जवळजवळ टिपत नाही आणि हेलिकॉप्टर हवेत उलटेसुलटे होत असताना निदान एका तारेची तरी बाजू ट्रान्समीटरला सामोरी असावी लागते. ट्रान्समीटरच्या अँटेनाचे टोक हेलिकॉप्टरकडे रोखणे याच कारणाने चुकीचे असते.

कोणताही बदल केल्यावर पल्ल्याची चाचणी घेणे अनिवार्य आहे. जुन्या संचात ट्रान्समीटरचा अँटेना मिटवून, आणि नव्या संचात शक्ती कमी करणारे बटण दाबून, उत्पादकाने सांगितलेल्या अंतरापर्यंत चालत जाऊन सर्व्होंची हालचाल पाहतात. विद्युत हेलिकॉप्टरमध्ये ही चाचणी मुख्य व शेपटीच्या रोटरची पाती काढून आधी मोटर बंद ठेवून व मग चालू करून घ्यावी. मोटर सुरू होताच पल्ला लक्षणीय घटला, तर दोष लांबीत नसून अँटेनाच्या जागेत किंवा मोटरच्या गोंगाटात शोधावा लागतो.