मासिकाचे बंधन आणि लेखकाची शिस्त : ‘निबंधमाले’चे उदाहरण

लेखनाची सवय ही लेखकाच्या मनोनिग्रहातून उत्पन्न होते, असा एक रूढ समज आहे. पहाटे उठावे, ठरलेली पाने लिहावीत, आणि असे काही वर्षे केले की ग्रंथ आपोआप सिद्ध होतो, असे नवशिक्या लेखकास सांगितले जाते. एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखक-प्रकाशकांचा इतिहास पाहता मात्र हे विधान अर्धेच खरे ठरते. निग्रह टिकतो तो बहुधा बाहेरच्या एखाद्या व्यवस्थेच्या आधाराने. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची ‘निबंधमाला’ हे त्याचे बोलके उदाहरण होय.

‘माले’चा पहिला अंक जानेवारी १८७४ मध्ये निघाला. तेव्हा शास्त्रीबुवांचे वय पुरते चोवीसही नव्हते. मासिक बंद पडले १८८१ साली; तोपर्यंत ८४ अंक प्रसिद्ध झाले होते, आणि त्यांतील मजकूर जवळजवळ सर्वस्वी एकाच लेखणीतून उतरलेला होता. हा आकडा पाहून प्रतिभेचे कौतुक करण्याचा मोह होतो. परंतु १८७४ पूर्वी त्यांनी काय केले होते, हे अगोदर पाहिले पाहिजे. वडील कृष्णशास्त्री यांनी आरंभिलेले जॉन्सनच्या ‘रासेलस’चे भाषांतर त्यांनी पुरे केले होते, ‘शालापत्रक’ या मासिकाच्या संपादनात त्यांचा हात वळला होता. दुसऱ्याचे अर्धवट काम तडीस नेणे आणि ठरल्या मुदतीत छापखान्यास मजकूर पुरविणे, या दोन्ही गोष्टींची उमेदवारी अशा रीतीने स्वतःचे मासिक काढण्याआधीच झाली होती.

त्या काळी मराठी ग्रंथकारास आश्रय मिळे तो मुख्यतः दोन ठिकाणी : दक्षिणा प्राइझ कमिटीची पारितोषिके आणि विद्याखात्याची खरेदी. दोन्हीकडे ग्रंथ आधी पूर्ण व्हावा लागे आणि तो पसंत पडणे परीक्षकाच्या हाती असे. मासिकाची रीत याच्या नेमकी उलट होती. येथे वर्गणी आधी येई आणि मजकूर मागाहून. वर्गणीदार हा एका अर्थी लेखकाचा सावकारच. त्याचे देणे दरमहा फेडावे लागे. ‘विद्वत्त्व आणि कवित्व’ किंवा ‘मोरोपंतांची कविता’ यांसारखे दीर्घ निबंध अंकामागून अंक चालले, ते याच देण्याच्या हप्त्यांनी. एवढे विस्तृत विवेचन एकटाकी ग्रंथरूपाने लिहावयाचे ठरते, तर ते पुरे झाले असते की नाही, याची शंकाच आहे.

ज्या जॉन्सनवर ‘माले’त विस्तृत चरित्रपर निबंध आला, त्याचीही गोष्ट अशीच आहे. १७५० ते १७५२ या दोन वर्षांत ‘रॅम्ब्लर’चे २०८ अंक आठवड्यास दोन या हिशेबाने निघाले, आणि थोडे वगळता सर्व जॉन्सनने लिहिले, तेही कोशाचे प्रचंड काम हातात असताना. भेद एवढाच की जॉन्सनला प्रकाशकांकडून ठरलेले मानधन मिळत होते, तर ‘माले’चा जमाखर्च लेखकाच्याच शिरावर होता.

म्हणूनच चरितार्थाची बाब दुर्लक्षून चालणार नाही. शास्त्रीबुवांनी सरकारी शाळेतील नोकरी सोडली ती १८७९ मध्ये, म्हणजे मासिक सुरू होऊन पाच वर्षे लोटल्यावर. मधल्या काळात रत्नागिरीस बदली झाली, तरी ‘माला’ चालू राहिली. नोकरीवर लाथ मारून साहित्यसेवेस वाहून घेतल्याची कथा पुढे पुष्कळ रंगविली गेली; ‘माले’चा मोठा भाग नोकरीत असतानाच लिहिला गेला, हे सांगण्याचे मात्र बहुतेक विसरतात. चित्रशाळा, आर्यभूषण छापखाना, किताबखाना यांच्या स्थापनेतही त्यांनी पुढाकार घेतला. छपाई आणि विक्री दुसऱ्याच्या हाती असेल तर लेखकाचे स्वातंत्र्य अपुरेच राहते, हे त्यांनी ओळखले होते.

या स्वातंत्र्याची दुसरी बाजूही आहे. जो स्वतःच लेखक, संपादक आणि प्रकाशक, त्याचा हात धरणारा कोणी उरत नाही. लोकहितवादींवरील टीकेत आणि विशेषतः जोतीराव फुले यांच्या लेखनाच्या समाचारात हा दोष उघड दिसतो. मुद्द्याचा विचार बाजूस राहून व्याकरणाच्या चुका आणि भाषेचा गावठीपणा यांवर उपहास खर्ची पडला. साक्षेपी संपादक असता तर त्याने ती पाने लेखकाकडे परत पाठविली असती. मासिक मुदतीची घाई हे यावर समर्थन होऊ शकत नाही. तो उपहास घाईत लिहिलेला वाटत नाही, चवीने लिहिलेला वाटतो.

आणि ज्या फुल्यांची ‘माले’ने टर उडविली, त्यांच्या अनुभवावरून या व्यवस्थेची मर्यादाही कळते. ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाली. परंतु १८८३ साली लिहून झालेला ‘शेतकऱ्याचा आसूड’ संपूर्ण ग्रंथरूपाने त्यांच्या हयातीत निघू शकला नाही. काही भाग तेवढा ‘दीनबंधू’त आला. फुल्यांचा लेखनोद्योग शास्त्रीबुवांपेक्षा कमी नेटाचा होता असे कोणी म्हणणार नाही. उणीव होती ती आगाऊ वर्गणी भरणाऱ्या वाचकवर्गाची. ज्या शेतकऱ्यासाठी ‘आसूड’ लिहिला, त्याला वाचता येत नव्हते. जे साक्षर होते त्यांतील बहुतेक ‘माले’चे वर्गणीदार शोभतील अशा वर्गातले होते, आणि त्या वर्गाला हा ग्रंथ नको होता. फुल्यांनी ‘आसूडा’तील प्रकरणे सभांतून वाचून दाखविली. छापलेल्या पानाची वाट बंद असता त्यांनी श्रोता गाठला.

‘माले’चा शेवट ‘आमच्या देशाची स्थिती’ या निबंधाने झाला. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ व ‘मराठा’ सुरू झाल्यावर एकट्याने मासिक चालविण्यास अवकाश उरला नाही. १७ मार्च १८८२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, शास्त्रीबुवा वारले. तो अखेरचा निबंध पुढे ब्रिटिश सरकारने जप्त केला आणि त्यावरील बंदी १९३७ साली उठली.