वॉशिंग्टन राज्य आणि विशाल दुकानसाखळ्या : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबईच्या हॉर्निमन सर्कलमध्ये २०१२ च्या ऑक्टोबरात स्टारबक्सचे भारतातील पहिले कॉफीगृह उघडले आणि पुढच्याच वर्षी ॲमेझॉनची विक्री या देशात सुरू झाली, तेव्हापासून ही दोन नावे मराठी कुटुंबांच्या परिचयाची झाली आहेत. परंतु ही दोन्ही, आणि त्यांच्याच जोडीने अमेरिकेत घरोघरी ठाऊक असलेली कॉस्टको, नॉर्डस्ट्रॉम व आरईआय ही नावे एकाच राज्यातून, किंबहुना सिअ‍ॅटल या एकाच शहराच्या परिसरातून निघाली, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. हे राज्य म्हणजे अमेरिकेची राजधानी नव्हे, तर त्या देशाच्या वायव्य टोकाला पॅसिफिक महासागराच्या काठी वसलेले वॉशिंग्टन राज्य. त्याच्या या वैशिष्ट्याची जी कारणे सर्रास सांगितली जातात ती बहुधा अर्धसत्ये आहेत. आणि व्यापाराची वाढ कशाने होते हे ज्यांना जाणून घ्यावयाचे आहे त्यांनी ती एकेक करून पारखणे अगत्याचे आहे.

गैरसमज पहिला : दाराशी मोठी बाजारपेठ होती, म्हणून मोठी दुकाने झाली.

वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. १९९० च्या शिरगणतीत कॅलिफोर्नियाची लोकसंख्या तीन कोटींच्या घरात असताना वॉशिंग्टन राज्याची लोकसंख्या पन्नास लाखांपर्यंतही पोहोचलेली नव्हती. स्थानिक गिऱ्हाईक लवकरच अपुरे पडते, अशा मुलखातील महत्त्वाकांक्षी दुकानदाराला राज्याच्या सीमेबाहेर पाहिल्यावाचून गत्यंतर नसते. ॲमेझॉनच्या बाबतीत तर अल्प लोकसंख्या हाच लाभ ठरला. ज्या राज्यात विक्रेत्याचे प्रत्यक्ष ठाणे नाही, तेथील गिऱ्हाइकांकडून विक्रीकर वसूल करण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ‘क्विल’ खटल्यात दिला होता. त्यामुळे १९९४ मध्ये जेफ बेझोस यांनी ठाण्यासाठी असे राज्य निवडले की जेथे कर द्यावा लागणारे गिऱ्हाईक थोडे, पण मायक्रोसॉफ्टमुळे संगणकाचे जाणकार मुबलक, आणि ऑरेगॉनमधील पुस्तकांचे मोठे कोठार तुलनेने जवळ होते. न्यायालयाने हा नियम २०१८ मध्ये फिरविला. परंतु तोवर त्या कंपनीचा विस्तार जगभर झालेला होता.

गैरसमज दुसरा : तेथे कर नाहीत, म्हणून व्यापारी तेथे जमले.

या राज्यात व्यक्तीच्या वेतनावर प्राप्तिकर नाही, हे खरे. १९३२ मध्ये मतदारांनी मंजूर केलेला प्राप्तिकर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३३ मध्ये रद्द केला, त्याचा हा परिणाम. परंतु सरकारी खजिन्याची ती तूट भरून काढण्यासाठी १९३५ च्या महसूल कायद्याने जी व्यवस्था लावून दिली, तिचा भार व्यापारावरच पडला. एक विक्रीकर, जो प्रारंभी दोन टक्के होता आणि आज सिअ‍ॅटलमध्ये स्थानिक करांसह दहा टक्क्यांहून अधिक आहे. आणि दुसरा व्यवसायकर, जो नफ्यावर नव्हे तर एकूण उलाढालीवर आकारला जातो. तोट्यात चाललेल्या दुकानालाही हा दुसरा कर चुकत नाही, आणि ज्याचा नफा मुळातच अल्प त्या दुकानदाराला तो विशेष जाचतो. शिवाय अलास्का आणि साउथ डकोटा या राज्यांतही वेतनावर प्राप्तिकर नाही. पण तेथून कॉस्टको वा नॉर्डस्ट्रॉम यांच्या तोडीची एकही दुकानसाखळी निघालेली नाही. करसवलत हे पुरेसे कारण असते, तर असे घडते ना.

गैरसमज तिसरा : क्लोंडाइकच्या सोन्याने सिअ‍ॅटल श्रीमंत झाले आणि त्या पैशातून दुकाने उभी राहिली.

१७ जुलै १८९७ रोजी ‘पोर्टलंड’ नावाची आगबोट उत्तरेकडील, कॅनडातल्या क्लोंडाइक मुलखातील सोने घेऊन सिअ‍ॅटल बंदरात आली आणि सहस्रावधी माणसे तिकडे धावली. त्यांपैकी बहुसंख्यांच्या हाती काहीच लागले नाही. लाभ झाला तो त्यांना सामग्री पुरविणाऱ्यांना; कारण वर्षभराची शिधासामग्री बरोबर असल्याखेरीज कॅनडाचे पोलीस हद्दीत प्रवेश देत नसत, आणि शिधा, अवजारे, तंबू व वस्त्रे मिळून एकेका माणसाचा संभार सुमारे टनभर होई. हा संभार विकण्यासाठी सॅन फ्रान्सिस्को, पोर्टलंड, टकोमा व व्हँकुव्हर ही शहरेही स्पर्धेत होती. परंतु सिअ‍ॅटलला १८९३ मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वे येऊन पोहोचली होती, आणि इरॅस्टस ब्रेनर्ड यांच्यासारख्या कुशल प्रचारकाने आपल्या शहराची जाहिरात देशभर केली. १८९० मध्ये त्रेचाळीस हजारांच्या आसपास असलेली वस्ती १९१० मध्ये दोन लाख सदतीस हजारांवर गेली. स्वीडनहून रित्या हाताने आलेले जॉन नॉर्डस्ट्रॉम क्लोंडाइकहून सुमारे तेरा हजार डॉलर घेऊन परतले व १९०१ मध्ये त्यांनी भागीदारीत जोड्यांचे दुकान काढले, हे सोन्याचे प्रत्यक्ष ऋण निःसंशय आहे. परंतु सोन्याहून टिकाऊ ठरली ती दूरच्या, अनोळखी गिऱ्हाइकाला कठीण प्रवासासाठी विश्वासाने सामग्री पुरविण्याची वहिवाट. एडी बाउअर हे दुकान (१९२०) आणि गिर्यारोहकांची सहकारी संस्था म्हणून जन्मलेली आरईआय (१९३८) ही याच वहिवाटीची अपत्ये होत.

गैरसमज चौथा : प्रत्येक साखळी ही एकेका प्रतिभावंताची स्वयंभू निर्मिती आहे.

सर्वांत घातक समज हाच. कारण तो शिकण्याची वाट बंद करतो. स्टारबक्सच्या तिघा संस्थापकांनी १९७१ मध्ये दुकान उघडण्यापूर्वी कॉफी भाजण्याची विद्या कॅलिफोर्नियातील बर्कली येथे आल्फ्रेड पीट यांच्याकडून घेतली, आणि प्रारंभी मालही त्यांच्याचकडून घेतला. कॉस्टकोचे जिम सिनेगल १९५४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, सॅन डिएगो येथील सॉल प्राइस यांच्या फेडमार्ट दुकानात गाद्या उतरविण्याच्या कामावर लागले, तेथेच वर चढत गेले, आणि सुमारे तीन दशके या धंद्यात मुरल्यावर १९८३ मध्ये त्यांनी जेफ्री ब्रॉटमन यांच्यासह सिअ‍ॅटलमध्ये पहिली वखार उघडली. नामांकित मालावर चौदा टक्क्यांहून अधिक चढ घ्यावयाचा नाही आणि नफ्याचा मोठा भाग सभासदांच्या वार्षिक वर्गणीतून मिळवावयाचा, हे तेथील धोरण. सभासदांच्या वखारीची ही पद्धत प्राइस यांच्याच शिकवणुकीतली होती, आणि १९९३ मध्ये गुरूची ‘प्राइस क्लब’ व शिष्याची कॉस्टको या दोन संस्था एक झाल्या. पुढे २००१ मध्ये बेझोस यांनी सिनेगल यांना भेटून किमतीविषयीचे हे तत्त्व समजून घेतले. त्यानंतर लवकरच ॲमेझॉनने पुस्तकांच्या किमती उतरविल्या, आणि २००५ मध्ये वार्षिक वर्गणीची आपली योजनाही आणली. यांतील बहुतेक माणसे बाहेरून आलेली आणि विद्याही पुष्कळशी बाहेरची. ती तेथे रुजली, कारण तिचे मोल जाणणारी माणसे आणि दुकाने तेथे आधीपासून होती.

गैरसमज पाचवा : तेथे जन्मलेली प्रत्येक साखळी यशस्वी झाली.

आज दिसतात ती टिकलेली नावे. सिअ‍ॅटलचे अभिमानस्थान असलेले फ्रेडरिक अँड नेल्सन हे भव्य दुकान १९९२ मध्ये कायमचे बंद झाले. बॉन मार्शे या दुकानाचे नाव २००५ मध्ये मेसीज या नावात विलीन झाले. एडी बाउअरवर २००९ मध्ये दिवाळखोरीची पाळी आली. राज्य तेच, कायदे तेच, बाजारही तोच. तरी काही साखळ्या तरल्या आणि काही बुडाल्या. तेव्हा स्थानमाहात्म्याला फार मोठे श्रेय देता येत नाही.

या सर्वांचा निष्कर्ष एवढाच की, दुकानदारी ही एका हाताने दुसऱ्या हाताला द्यावयाची विद्या आहे, आणि जेथे ती देणारे व घेणारे दीर्घकाळ एकत्र नांदतात तेथे मोठ्या पेढ्या उभ्या राहतात. आपल्या राज्यातही अशा पेढ्या उभ्या राहाव्यात असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी करसवलतींच्या मागणीइतकाच आग्रह आणखी एका गोष्टीचा धरावा : दुकानात माल उतरविणाऱ्या होतकरू मुलाला माल खरेदी करणाऱ्याच्या आसनापर्यंत पोहोचण्याची वाट आपण मोकळी ठेवली पाहिजे.