अंगठ्याची पत

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नाशिकच्या सराफ बाजारात अजूनही चोपड्यांची पूजा होते. विड्याची पाने, सुपारी, हळदकुंकू, आणि कोऱ्या पानावर काढलेले स्वस्तिक. अलीकडे त्या चोपडीशेजारी काळ्या-पांढऱ्या चौकटींची एक पाटीही दिसते, आणि गिऱ्हाइकाने पैसे दिले की एक लहानसे यंत्र साऱ्या पेढीला ऐकू जाईल अशा आवाजात रक्कम सांगते. ज्या गावात १९२८ पासून सरकारी नोटा छापल्या जातात, त्याच गावाचा व्यवहार असा बिननोटांचा व्हावा, ही गंमत आम्हा नाशिककरांइतकी दुसऱ्या कोणाला कळणार?

या बिननोटांच्या व्यवहारावर ज्या कंपन्या उभ्या राहिल्या, त्यांना 'फिनटेक' म्हणतात. आमच्याकडे मर्ढेकर शिकायला येणाऱ्या मुलांपैकीही दोघे-चौघे अशी कंपनी काढण्याच्या गोष्टी करतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : भांडवल कोठून आणायचे? मला हा प्रश्नच उलटा वाटतो. पापडाचा कारखाना काढणाराने आधी भांडवल पाहावे हे ठीक; पण ज्याला दुसऱ्याचा पैसा हाताळायचा आहे, त्याला आधी पत लागते, मग परवाना लागतो, आणि भांडवल त्यांच्या मागून येते. याचा दाखला शोधायला मुंबई-बंगळूरच्या काचेच्या इमारतींत जायला नको. तो साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला आहे.

माणदेश म्हटला की मराठी वाचकाला व्यंकटेश माडगूळकर आठवायचे. तिथेच मुंबईत वाढलेली, जयप्रकाशांच्या चळवळीतून आलेली एक मुलगी लग्न करून राहायला गेली. तिचे नाव चेतना गाला-सिन्हा. तिच्याकडे एके दिवशी लोहारकाम करणारी एक बाई आली. तिला रोजच्या कमाईतून चार पैसे साठवायचे होते. कशासाठी, तर पावसाळ्यात झोपडीवर घालायला प्लॅस्टिकचा कागद घ्यावा म्हणून! पण एवढ्या थोड्या रकमेचे खाते उघडायला बँका तयार नव्हत्या. तेव्हा चेतनाबाईंनी ठरवले की, बायकांची स्वतःचीच बँक काढायची.

अर्ज रिझर्व्ह बँकेकडे गेला आणि फेटाळला गेला. कारण प्रवर्तक सभासदांपैकी बऱ्याच जणी निरक्षर. सहीच्या जागी अंगठे. आता नियमाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. लोकांच्या ठेवी सांभाळणाराला निदान वाचता यावे, ही अपेक्षा काही जुलमी नव्हे. चेतनाबाई हताश होऊन परतल्या. बायका मात्र हताश झाल्या नाहीत. त्यांनी लिहायला-वाचायला शिकायचे ठरवले. दिवसभर कष्ट आणि रात्री अक्षरे, असे काही महिने गेले, आणि मग त्या स्वतःच मुंबईला साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. तुम्ही कोणतीही रक्कम सांगा, आम्ही तोंडी व्याज काढतो, तुमच्या साहेबांनी यंत्रावर काढावे, आणि मग काय ते ठरवावे, असे त्यांचे आव्हान होते. परवाना मिळाला. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. भागभांडवल सुमारे सात लाख रुपये, आणि तेही तेराशेच्या वर बायकांनी थोडे थोडे करून जमवलेले.

पुढची अडचण अशी की, बँकेत यायचे तर दिवसाची मजुरी बुडते. म्हणून बँकच दारोदार जाऊ लागली. मग कार्ड आले आणि त्याबरोबर गुप्त आकडा आला. हा आकडा बायकांना पसंत पडेना. आकडा कोणीही पळवील, अंगठा कोण पळवणार, असा त्यांचा सवाल! तेव्हा बँकेने खाते अंगठ्याशी जोडले. ज्या अंगठ्यापायी परवाना अडला होता, तोच आता तिजोरीची किल्ली झाला.

हेच सूत्र धरून मोठ्या कंपन्या वाढल्या. रिझर्व्ह बँकेने २००६ च्या आरंभी बँकांना गावोगाव प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली, आणि त्याच वर्षी मुंबईकडे 'फिनो' ही कंपनी निघाली. तिचा माणूस हातात यंत्र घेऊन खेड्यात जाई, अंगठा घेई, पैसे देई. पुढे आपल्याच नाशिक विभागातील टेंभली या नंदुरबार जिल्ह्यातल्या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले, आणि त्या आधाराच्या जोरावर किराणा दुकानातूनही खात्यातले पैसे काढण्याची सोय झाली.

यात मिळकत काय? एका व्यवहारामागे थोडेसे कमिशन. म्हणजे यंत्रे, माणसे आणि गावे आधी हजारोंनी उभी करायची, आणि नफ्याची वाट नंतर पाहायची. भांडवल लागते ते इथे. फिनोत आयसीआयसीआय बँक, आयुर्विमा महामंडळ, इंटेल, ब्लॅकस्टोन अशांनी पैसे घातले. २०१६ साली भारत पेट्रोलियमने सुमारे अडीचशे कोटींना एकवीस टक्क्यांच्या आसपास हिस्सा घेतला. असा पैसा कर्जासारखा फेडायचा नसतो, पण दर खेपेस कंपनीचा एक तुकडा देऊन टाकावा लागतो. २०१७ साली फिनो 'पेमेंट्स बँक' झाली. या बँकांना किमान शंभर कोटींचे भांडवल आवश्यक ठरवले होते, आणि ठेवी घ्यायच्या पण कर्ज द्यायचे नाही, असे बंधन होते. २०२१ च्या नोव्हेंबरात शेअर बाजारात नोंद झाली तेव्हा ५७७ रुपयांना विकलेला भाग पहिल्याच दिवशी त्याच्या खाली उघडला. बाजाराला कौतुकापेक्षा कमाई लवकर दिसते.

मोबाईलवरून पैसे पोचवणाऱ्या कंपन्यांची तऱ्हा आणखी न्यारी. जानेवारी २०२० पासून यूपीआयने खात्यातून थेट पैसे घेणाऱ्या दुकानदारावर आकार बसवता येत नाही. तेव्हा ओझे फुकट वाहायचे आणि पोट भरायला कर्जे व विमा विकायचा. याच वाटेने काही सावकारी अॅपेही घराघरांत शिरली. शेवटी २०२२ साली रिझर्व्ह बँकेला नियम करावे लागले की, कर्जाची रक्कम मधल्या कोणाच्या हाती न जाता थेट कर्जदाराच्या खात्यात पडली पाहिजे.

आणि तो न पळवता येणारा अंगठा? तोही पळवला गेला. खरेदीखतांवरचे ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे बनवणाऱ्या टोळ्या निरनिराळ्या राज्यांत पकडल्या गेल्या. आधारचे ठसे कुलूपबंद ठेवण्याची सोय आहे. ती आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांसाठी करून ठेवावी. उलट, खुरपे धरून आणि भांडी घासून ज्यांच्या बोटांच्या रेषाच झिजल्या, त्यांना यंत्र ओळखत नाही. डोळ्याची बुबुळे आणि चेहरा ओळखणाऱ्या पद्धती निघाल्या आहेत, पण खेड्यातल्या दुकानात बहुधा अंगठ्याचेच यंत्र असते. बाई अंगठा साबणाने धुते, पदराला पुसते आणि पुन्हा एकदा काचेवर ठेवते.