जमिनीखालचे महाल

मॉस्कोची भुयारी रेल्वे १९३५ साली सुरू झाली. तिथल्या १९३८च्या मायाकोव्स्काया स्थानकाच्या छायाचित्रांत पोलादी कमानी डोळे दिपवतात. चौकटीत माणूस मात्र बहुधा नसतो. १९४१च्या बॉम्बवर्षावात याच स्थानकात मॉस्कोकरांनी आसरा घेतला होता, हे त्या गुळगुळीत चित्रांवरून कोणाला कळावे?

आमच्याकडेही तीच तऱ्हा. साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटेची विहीर आहे. (मोटा खरे तर पंधरा!) वीरूबाई भोसले यांनी ती १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. तिच्या पोटात चक्क दगडी महाल. परवा सांगलीची पोरे कॅमेरे घेऊन आली. ‘काका, जरा बाजूला व्हा,’ म्हणाली. मी पायरीवरून हललो नाही. माणूस दिसल्याशिवाय ११० फुटांची खोली चित्रात उतरणार कशी?