परमुलखातील कामगार आणि त्याचा सण

काही वर्षांपूर्वी कोजागिरीच्या सुमारास एक नेपाळी आचारी आमच्या संघटनेच्या कचेरीत आला. एका उपाहारगृहात तो सात वर्षे कामाला होता. दसऱ्यासाठी दहा दिवसांची रजा घेऊन गावी गेला आणि चौदाव्या दिवशी परतला, तो त्याच्या जागी दुसराच माणूस उभा! मी मालकांना भेटलो. ते म्हणाले, "अहो, दसऱ्याची सुट्टी आम्ही सगळ्यांनाच देतो, एक दिवस. हा चौदा दिवस कसला दसरा करतो?"

मालक दुष्ट नव्हते. त्यांना ठाऊक नव्हते, इतकेच. म्हणून आधी ती माहितीच सांगतो.

नेपाळचा दशैं आपल्यासारखाच घटस्थापनेला सुरू होतो. आपण घटाभोवती धान्य रुजवतो, तसे तेही जवाचे अंकुर वाढवतात. त्यांना जमरा म्हणतात. परंतु आपला दसरा जेथे संपतो, तेथे त्यांच्या सणाचा मुख्य भाग सुरू होतो. विजयादशमीपासून पौर्णिमेपर्यंत लहानांनी वडीलधाऱ्यांच्या घरी जायचे, आणि त्यांनी तांदूळ, दही व लाल रंग यांचा टिका कपाळी लावून आशीर्वाद द्यायचा. हा टिका आईबापांच्या हातचाच हवा. तो टपालाने येत नाही. आता प्रवास पाहा. येथून दिल्ली, दिल्लीहून बनबसा, सीमा ओलांडून महेंद्रनगर, तेथून डोंगरातली बस आणि शेवटी पायवाट. या माणसाला जायला चार दिवस आणि यायला चार दिवस लागत. दहा दिवसांच्या रजेत घरच्यांच्या वाट्याला आले दोन!

हे दुखणे आपल्याकडचेच आहे असे नाही. १९६१ साली पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानाशी करार करून तेथून कामगार आणावयास सुरुवात केली. १९६५ च्या फेब्रुवारीत रमजान संपला, तेव्हा कलोन शहरातील या कामगारांना नमाजासाठी तेथील प्रचंड ख्रिस्ती मंदिराची जागा मोकळी करून देण्यात आली. त्याच शहरात १९७३ साली फोर्डच्या मोटार कारखान्यात उलटा प्रकार घडला. उन्हाळ्याच्या रजेवरून उशिरा परतलेल्या सुमारे ३०० तुर्की कामगारांना काढून टाकले. गाव दूर, रजा अपुरी, हेच कारण. ऑगस्टअखेर हजारो कामगारांनी काम थांबवले. त्यांच्या मागण्यांत लांब रजेची मागणी होती. संप पोलिसांच्या बळावर मोडला. तेथील कामगारसंघटनाही त्यांच्या पाठीशी उभी राहिली नाही, हे मला खाली मान घालून सांगितले पाहिजे. पुढे २०१२ मध्ये हॅम्बुर्ग राज्याने मुस्लिम व अलेवी संस्थांशी करार करून त्यांच्या सणांच्या दिवशी कामावरून मोकळे होण्याचा हक्क मान्य केला. मधे एक पिढी गेली.

मग मालकाने करावे काय? माझ्या अनुभवाने चार गोष्टी पुरतात.

पहिली, वर्ष सुरू होण्यापूर्वी विचारावे. दुकाने व आस्थापनांसंबंधीच्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात आठ पगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर हे दिवस ठरलेले. उरलेले चार मालक व कामगार यांनी वर्षारंभापूर्वी आपसांत ठरवायचे. या बैठकीला परमुलखातील कामगाराला बोलवावे. आणि प्रत्येकाला वेगळे विचारावे. एका देशाचे सगळेच एक सण पाळतात असे नाही.

दुसरी, अदलाबदलीची सोय ठेवावी. सिंगापूरच्या कायद्यात मालक व कामगार यांच्या संमतीने सार्वजनिक सुट्टीऐवजी दुसरा दिवस घेता येतो. हाँगकाँगमध्ये ठरलेल्या सुट्टीच्या आधी वा नंतर साठ दिवसांच्या आत बदली दिवस देता येतो. मात्र सुट्टीऐवजी पैसे देऊन मोकळे होता येत नाही. हा शेवटचा नियम मला फार मोलाचा वाटतो.

तिसरी, तारखेला थोडी ढील द्यावी. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि चंद्र दिसल्यावरच तिचा दिवस पक्का होतो.

चौथी, दूरच्या माणसाची वार्षिक रजा सणाला जोडून द्यावी आणि प्रवासाचे दिवस आधीच मोजावेत. तरीही उशीर झाला, तर त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून नाव कापू नये.

"मग आमची कामे कोण करणार?" असे मालक विचारतात. उत्तर मुदपाकखान्यातच आहे. कोकणातला वाढपी गणपतीला आणि शिमग्याला जातो, तेव्हा नेपाळी माणूस दोन पाळ्या ओढतो. दशैंला कोकणातल्याने ते ऋण फेडावे. यादी भिंतीवर लावली की कुरकूर राहत नाही. कुरकूर होते ती तोंडी मेहेरबानीने.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी. आज ती आपणांस आकाशातून पडल्यासारखी वाटते. कोणीतरी मागितली, म्हणून ती मिळाली. परमुलखातल्या माणसाला मागण्याचीच भीती वाटते. कारण त्याची नोकरी, खोली आणि जेवण, तिन्ही एकाच हातात असतात.

त्या आचाऱ्याला आम्ही न्याय देऊ शकलो नाही. बोलणी चालू असतानाच तो दुसऱ्या शहरी निघून गेला. नंतर आमचीच जुनी दप्तरे चाळली, तेव्हा दिसले की सुट्ट्यांची यादी करताना आम्हीही त्या सात वर्षांत त्याला एकदाही विचारले नव्हते. आता डिसेंबरातील बैठकीला नेपाळी कामगारांचा एक माणूस असतो. आणि त्या मालकांच्या मुदपाकखान्यात दर वर्षी भिंतीवर रजेची यादी लागते. तिच्यात कोजागिरीपर्यंतचे दिवस आखलेले असतात.